रेवेकाठचे गाणे, दिल्लीचा बॅण्ड आणि ‘तू है’

खान्देशात ‘बॅण्ड’ या शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. जळगाव असो वा धुळे, लग्नसराई सुरू झाली की झगमगत्या गणवेशातील वादक, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ताशा असा लवाजमा दर संध्याकाळी रस्त्यावर उतरतो आणि वाहतूक अर्धा तास खोळंबते. ‘रॉक बॅण्ड’ हा मात्र आपल्याकडे अजूनही थोडा परका विषय आहे. तो पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन मुलांचा, इंग्रजीचा आणि कर्कश गिटारचा, अशी आपली समजूत. ती सर्वस्वी चुकीची नाही. पण एका बॅण्डच्या बाबतीत तिला मुरड घालावी लागते. दिल्लीत १९९० साली स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ या बॅण्डने २०२३ मध्ये ‘तू है’ हा नवा अल्बम काढला. त्याआधीचा ‘तंदानू’ २०१४ सालचा, म्हणजे मध्ये तब्बल नऊ वर्षे गेली. या बॅण्डच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी दोन गाण्यांची मुळे सातपुड्यापलीकडच्या नर्मदेच्या खोऱ्यात आहेत, आणि त्या खोऱ्याचा महाराष्ट्रातील काठ ती गाणी बॅण्डपर्यंत पोहोचली त्या वर्षांत धुळे जिल्ह्यात मोडत होता. खान्देशातील वाचकाने या अल्बमकडे वळून पाहावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

आधी थोडे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ या संज्ञेविषयी. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या ठरीव साच्याबाहेर राहून, छोट्या कंपन्यांकडून ध्वनिमुद्रिका काढणारे आणि महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांवरून ऐकले जाणारे बॅण्ड या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘आर. ई. एम.’ हे त्यातले ठळक नाव. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बॅण्डचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि जे पर्यायी होते तेच मुख्य प्रवाह होऊन बसले. तेव्हापासून ही संज्ञा काहीशी पोकळ झाली आहे. भारतात तिचा अर्थ वेगळा करावा लागतो, कारण येथे मुख्य प्रवाह म्हणजे चित्रपटसंगीत. त्याला पर्याय उभा करणारा बॅण्ड इंग्रजी गाण्यांच्या नकला करीत असेल तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी मुख्य प्रवाहाचा ओहोळ ठरतो. आपल्या भाषा, आपले ताल आणि आपले विषय घेऊन रॉकच्या वाद्यमेळात उभे राहणे हा खरा पर्याय, आणि ‘इंडियन ओशन’ने तो तीस वर्षांहून अधिक काळ चालवून दाखवला.

सुस्मित सेन हे गिटारवादक आणि असीम चक्रवर्ती हे तबलावादक-गायक, अशा दोघांच्या मैत्रीतून हा बॅण्ड उभा राहिला. बॅण्डचे नाव सेन यांच्या वडिलांनी सुचवले होते. १९९१ मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आले, तर १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसले. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा ‘डेझर्ट रेन’ (१९९७) तर स्टुडिओत न होता, दिल्लीतील एका जाहीर कार्यक्रमात मुद्रित झालेला. परंतु देशभर नाव झाले ते २००० सालच्या ‘कंदिसा’ने. केरळातील सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतील प्रार्थना, गोरख पांडेय यांचे आंदोलनात गायले जाणारे भोजपुरी गीत आणि नर्मदेचे स्तवन ही तीन गाणी एकाच कॅसेटवर शेजारीशेजारी होती. प्रेमगीत एकही नाही, आणि गाणी सात-आठ मिनिटे चालणारी. आकाशवाणीच्या किंवा दूरचित्रवाणीच्या हिशेबात न बसणारा हा ऐवज लोकांनी उचलून धरला.

त्यांच्या ध्वनीचे रहस्य वाद्यांच्या वाटणीत आहे. रॉकमध्ये ड्रम्स आणि बेस गिटार मिळून तालाचा पाया रचतात आणि गिटार त्यावर मिरवते. येथे पायाचे काम तबला आणि ड्रम्स यांनी वाटून घेतले, त्यामुळे बेस गिटार मोकळी झाली आणि सुरावट गाऊ लागली. सेन यांची गिटार रागाच्या अंगाने, एकच स्वराकृती पुनःपुन्हा थोडी बदलत पुढे सरके. आणि किलम ड्रम्स सोडून मधूनच काखेत ‘गाबगुबी’ घेत. बंगालच्या बाउलांचे हे वाद्य. एका बाजूने कातडे मढवलेला छोटा डबा, कातड्यातून निघणारी तार आणि ती ताणण्यासाठी हातात मूठ. ताण कमी-अधिक केला की आवाज घसरतो, हुंकारतो, बोलल्यासारखा होतो. यल्लमाच्या जोगत्यांकडचे चौंडके ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही. दोन्ही वाद्ये एकाच कुळातील.

आता नदीकडे येऊ. खान्देश हा तापीचा प्रदेश. नर्मदा आणि तापी या दोन्ही पश्चिमवाहिनी नद्यांच्या मधोमध सातपुडा आडवा पसरलेला, आणि त्या डोंगराच्या उत्तर उतारावर अक्कलकुवा आणि अक्राणी अर्थात धडगाव या तालुक्यांची टोके नर्मदेला जाऊन भिडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला या नदीचा जो ५४ किलोमीटरचा काठ आला आहे, तो एवढाच. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा टापू धुळे जिल्ह्यात होता. मराठी वाचकाला नर्मदा ठाऊक आहे ती मुख्यतः परिक्रमेच्या पुस्तकांतून. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचून अनेकांनी काठी आणि कमंडलू उचलला. या पुस्तकांतून शूलपाणीची झाडी हा परिक्रमेचा कसोटीचा टप्पा म्हणून येतो. त्या झाडीत राहणाऱ्या माणसांच्या बाजूने लिहिलेले मात्र मराठीत त्या मानाने फार कमी.

याच झाडीतल्या गावांवर सरदार सरोवर धरणाचे पाणी चढणार होते. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताच्या यादीत होती आणि त्यात पहिले गाव मणिबेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाचे एक केंद्र हे गाव बनले. मोर्चे धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर येत आणि मराठी वृत्तपत्रांत ‘मणिबेली, जि. धुळे’ हे शब्द नित्याचे झाले. राहुल राम त्या काळात या आंदोलनाचे कार्यकर्ते होते. कानपूरच्या आयआयटीत शिकून, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच. डी. मिळवून आलेला हा माणूस प्रयोगशाळेत न जाता खोऱ्यात गेला. आंदोलन म्हणजे केवळ निवेदने आणि धरणी नव्हे. रात्री-अपरात्री चालणे, गावात मुक्काम, आणि मुक्कामात गाणी. निमाडातली नर्मदास्तुती आणि डोंगरातली भिल्ल-भिलालांची गीते तिथूनच त्यांच्याबरोबर दिल्लीला गेली. पहिलीचे ‘मा रेवा’ झाले, ते ‘कंदिसा’मध्ये आले. दुसरे ‘चीतू’ नावाने २००३ च्या ‘झीनी’ या अल्बममध्ये.

योगायोग असा, की ‘कंदिसा’ आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनाची याचिका निकालात काढून धरणाचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. नदीचे स्तवन महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत घुमू लागले आणि नदीकाठची गावे एकेक टप्प्याने पाण्याखाली गेली. मणिबेलीसमोरचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर तर त्याआधीच बुडाले होते. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. विस्थापितांपैकी अनेकांच्या वसाहती तळोदा तालुक्यात खुल्या केलेल्या वनजमिनीवर झाल्या. वाहत्या नदीला उद्देशून गायलेले गाणे आता ज्या पाण्याच्या काठावर ऐकू येईल, ते पाणी वाहत नाही. ‘मा रेवा’ ऐकताना आनंदाने डुलणाऱ्या श्रोत्यांत हे ठाऊक असणारे किती असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो. बॅण्डला त्याचा दोष देता येत नाही. राहुल राम मंचावरून खोऱ्याविषयी बोलत आले आहेत. गाणे मात्र बोलण्यापेक्षा दूर जाते, आणि जाताना आपला पत्ता मागे टाकते.

‘चीतू’चा पत्ता तर आणखी मागे टाकला गेला आहे. हा छीतू किराड, अलीराजपूर संस्थानातल्या सोरवा परिसरातला भिलाला पुढारी. १८८३ मध्ये संस्थानी कारभाराविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध त्याने उठाव केला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव सहसा सापडत नाही, गाण्यात मात्र ते टिकले. आपल्याकडील वाचकाला हे चित्र लगेच ओळखीचे वाटेल. ब्रिटिशांनी १८२५ मध्ये भिल्ल कोअर उभी केली ती जेम्स आउट्रमच्या हाताखाली, आणि तिचे ठाणे होते जळगाव जिल्ह्यातील धरणगाव. त्या बंदोबस्तानंतरही १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकाने सातपुड्यात इंग्रजांना झुंजवलेच. अंबापाणीची लढाई ११ एप्रिल १८५८ ची. खाज्या नाईक, तंट्या भिल्ल, छीतू किराड ही एकाच डोंगररांगेची आणि एकाच शतकाची माणसे. त्यातल्या एकावरचे गाणे दिल्लीच्या रॉक बॅण्डने वाजवले आणि इंजिनीअरिंगच्या मुलांनी पाठ केले, ही गोष्ट मला त्या बॅण्डच्या एकूण कामगिरीत सर्वांत मोलाची वाटते.

मात्र येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. अल्बमच्या वेष्टनावर अशा गाण्याच्या पुढे ‘पारंपरिक’ असा शब्द छापला जातो. तो प्रामाणिक आहे, पण त्याचा कायदेशीर अर्थ समजून घेण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत किंवा चाल यांवर कर्त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावरील हक्कही प्रकाशनापासून ६० वर्षांचा. परंतु जे गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ज्याचा कर्ता कोण हे सांगता येत नाही, त्यावर एखाद्या गावाने किंवा जमातीने सामूहिक मालकी सांगावी अशी सोय या कायद्यात नाही. ते सर्वांचे, म्हणजेच कोणाचेच नव्हे. उलट त्या गाण्यावर जो नवी मांडणी रचेल आणि ध्वनिमुद्रण करील, त्याच्या मांडणीला व मुद्रणाला मात्र पूर्ण संरक्षण मिळते. १९९४ मध्ये कलावंताचा सादरीकरणावरील हक्क कायद्यात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनाचा कायम वाटा मिळाला. या दोन्ही चांगल्या सुधारणा. तथापि धडगावच्या पाड्यावर ज्या बाईने ते गाणे कार्यकर्त्याला प्रथम ऐकवले असेल, तिच्यापर्यंत त्यातले काही पोहोचत नाही.

बहिणाबाईंचे उदाहरण येथे आठवते. आसोद्याच्या या माउलीला लिहिता येत नव्हते. तिची गाणी जात्यावर आणि शेतात रचली गेली, घरातल्यांनी ती टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये, तिच्या निधनानंतर वर्षभरात, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले. त्यामुळे आज आपण ‘बहिणाबाई चौधरी’ म्हणतो, जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. टिपणारा कोणी घरात नसता तर हीच गाणी ‘खान्देशी पारंपरिक ओव्या’ म्हणून कुठल्या तरी संकलनात निनावी पडून राहिली असती. ‘पारंपरिक’ या शब्दाखाली अशा किती बहिणाबाई असतील, कोण जाणे! दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाची कथा याहून कडवट आहे. त्याने १९३९ मध्ये मुद्रित केलेले ‘म्बुबे’ हे गाणे पुढे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या रूपाने जगभर वाजले. तो मात्र १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला आणि वारसांना तडजोडीने काही रक्कम मिळण्यासाठी २००६ साल उजाडावे लागले. त्याला निदान नाव तरी होते.

शहाद्याकडील भिल्ल कवी, ‘गोधड’कार वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता चळवळीत प्रसिद्ध आहे. मंचावर कोण चढते आणि आदिवासींचे दुःख त्यांनाच कोण सांगते, हा तिचा विषय. ही कविता ध्यानात ठेवून ‘इंडियन ओशन’ ऐकावे, असे मी मुद्दाम सुचवतो. बॅण्डची बाजू लंगडी नाही. राहुल राम पर्यटक म्हणून गाणी गोळा करायला गेले नव्हते. त्यांनी त्या खोऱ्यात वर्षे घातली. त्यांनी गाण्याला चकचकीत केले नाही, त्यातला राग राहू दिला. तरीही मंच त्यांचाच राहिला, हे खरे. अशा गाण्याच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा खोऱ्यातल्या जीवनशाळांसारख्या संस्थेकडे जावा, आणि वेष्टनावर ‘पारंपरिक’ या शब्दापुढे निदान जमातीचे आणि टापूचे नाव असावे, एवढी अपेक्षा कोणत्याही बॅण्डकडून, कोणत्याही चित्रपट कंपनीकडून ठेवायला हरकत नसावी. कायदा तसे करायला सांगत नाही, तसाच तो अडवतही नाही.

बॅण्डची पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’साठी केलेले, पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ चित्रपट न्यायालयात अडकलेला असतानाच घरोघरी पोहोचले. चित्रपट पडद्यावर आला तो २००७ मध्ये. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा आवाज असलेली अखेरची गाणी २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधून आली. हा दिल्लीतील करोलबागच्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथे बॅण्डचा सराव चाले. ही गाणी त्यांनी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवरून चक्क फुकट दिली. कंपनीकडून रुपयातले पैसे मिळायचे, तर गाणे सरळ श्रोत्याला द्यावे आणि कमाई कार्यक्रमांतून करावी, हा त्यामागचा रोकडा हिशेब. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. ‘तंदानू’मध्ये शंकर महादेवन, शुभा मुद्गल, पं. विश्वमोहन भट्ट, विशाल ददलानी, कर्ष काळे असे पाहुणे बोलावले गेले. माझ्या मते त्या अल्बममध्ये यजमानांपेक्षा पाहुण्यांचीच सरबराई अधिक झाली. २०१५ च्या ‘मसान’ या चित्रपटातील संगीताने ती उणीव भरून काढली.

म्हणून ‘तू है’ला महत्त्व. आज बॅण्डमध्ये जुन्यांपैकी राहुल राम आणि अमित किलम हे दोघेच. हिमांशू जोशी गायनाला, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आणि निखिल राव गिटारवर. दोन संस्थापकांपैकी एकही नसलेला बॅण्ड जुन्याच नावाने नवे काही सांगू शकतो का, ही या अल्बमची खरी परीक्षा होती. ‘जादू माया’ हे गाणे तिचे उत्तर होकारार्थी देते, आणि ‘इस तन धन’मध्ये कबीर परततो. २००३ च्या ‘झीनी’चे शीर्षकगीतही कबीराचेच होते. आपल्याकडच्या भजनी मंडळांना कबीर नवा नाही. पण वीस वर्षांच्या अंतराने एकाच बॅण्डने त्याच्याकडे वळावे आणि दुसऱ्या खेपेला सूर अधिक सैल, अधिक निवांत लागावा, हे ऐकण्यासारखे आहे. सेन यांच्या गिटारची ती एकटक घुमणारी आकृती या अल्बममध्ये नाही. तिची उणीव जुन्या श्रोत्यांना जाणवणारच. निखिल राव यांनी ती आकृती गिरवण्याचा हट्ट धरलेला नाही, हे बरेच झाले.

नऊ वर्षे का लागली, याचे उत्तर व्यवसायात आहे. कॅसेट आणि सीडी विकल्या जात होत्या तेव्हा अल्बम हा उत्पन्नाचा भाग होता आणि कार्यक्रम त्याची जाहिरात. आता मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीत सारेच संगीत मिळते, एका गाण्यामागे कलावंताच्या हाती येणारी रक्कम नगण्य, आणि पोट चालते ते कार्यक्रमांवर. त्यामुळे गाणी मंचावर वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतली जातात आणि अल्बम सवडीने निघतो. हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडच्या ‘द क्युअर’ या मातब्बर बॅण्डचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तो १६ वर्षांच्या खंडानंतर.

ज्यांनी हा बॅण्ड कधीच ऐकला नाही त्यांनी थेट ‘तू है’पासून आरंभ करू नये. आधी ‘मा रेवा’, मग ‘चीतू’, मग ‘खजूर रोड’मधली असीम चक्रवर्तींची अखेरची गाणी, आणि त्यानंतर नवा अल्बम; आणि शक्य तर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नव्हे, कारण तबला आणि बेस गिटारचा सारा संवाद त्यात गळून जातो. ‘चीतू’मागचा ठेका त्याच्या मूळ आवाजात ऐकायचा असेल तर दिल्लीला जाण्याचे कारण नाही. होळीआधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूर आणि धडगाव तालुक्यांत गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. पुरुषभर उंचीचे ढोल, बासऱ्या आणि घुंगरू घेऊन पावरा-बारेला मंडळी दुपारपासून जमू लागतात, आणि जळगाव-धुळ्याहून सकाळच्या एसटीने निघाले तर वेळेत पोहोचता येते.